उलांडीच्या होडीचे शीड

७. उलांडी : अरुंद होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या आधाराने, समांतर बांधलेला तरंगता ओंडका. रत्नागिरी-मालवणकडील लहान होड्यांना ती असते. पॅसिफिक बेटांवरही हीच युक्ती आढळते. लेखकाचे गाव पोखर्णी (जि. परभणी) समुद्रापासून फार दूर, म्हणून या मजकुरातील शब्द उलगडून देणे अगत्याचे वाटते.

डोलकाठी होडीत उभी असते. तिच्यावर तिरपा चढवलेला दांडा म्हणजे परबाण. त्याचे पुढचे टोक नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) खाली झुकते, मागचे उंच जाते आणि शिडाची वरची कड त्यालाच बांधतात. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याचा दोर होडीवाल्याच्या हातात असतो. मजकुरातील ‘दोर सैल सोडला’ या वाक्याचा अर्थ हार मानली असा घेऊ नये. वाऱ्याचा झोत अचानक बाजूने आला की दोर सोडताच शिडातला वारा निघून जातो आणि होडी सावरते. तो गाठ मारून बांधून ठेवणे घातक. शीड मोठे तर वेग अधिक हे खरे, पण अरुंद होडी त्याच मानाने कलते. म्हणून डोलकाठी आखूड आणि शीड बेताचे निवडतात.

‘मतलई’ म्हणजे रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. त्यावर होड्या बाहेर पडत आणि दुपारच्या, समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतत.