कोंड्यावरील अळी : युरोपातील मीलवर्म-पालनाचा एक ऐतिहासिक वेध

प्रस्तावना

मराठीत 'कोंड्याचा मांडा करणे' असा एक वाक्प्रचार आहे. निकस वस्तूतून चांगला पदार्थ घडविण्याचे कसब त्यातून सूचित होते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात युरोपमध्ये जवळजवळ याच आशयाची एक घोषणा विज्ञानसंस्था, उद्योजक आणि शासनव्यवस्था यांच्या तोंडी ऐकू येऊ लागली. धान्याचा कोंडा, बिअर गाळल्यावर उरणारा चोथा, बटाट्याच्या साली, बेकरीतील शिळे तुकडे अशा उपपदार्थांवर अळ्या वाढवाव्यात आणि त्या अळ्यांपासून माशांचे, कोंबड्यांचे व पुढे माणसाचेही प्रथिनयुक्त अन्न तयार करावे, अशी ती कल्पना. या कल्पनेच्या केंद्रस्थानी जी पिवळी अळी आली ती इंग्रजीत 'मीलवर्म' या नावाने ओळखली जाते.

या विषयावर कीटकशास्त्र, पोषणशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र यांच्या अंगाने विपुल लेखन झाले आहे. परंतु या अळीला पाळण्याचा इतिहास दोनशे वर्षांहून अधिक जुना असूनही त्याचा विचार क्वचितच केला जातो. 'टाकाऊ पदार्थांवर प्रथिने' हे अभिवचन नवे म्हणून मांडले गेले. ते कितपत पूर्ण होऊ शकते, हे समजण्यासाठी ही अळी प्रत्यक्षात कशावर वाढविली गेली आणि त्या खाद्यावर आणखी कोणाचा हक्क होता, हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अंधारातील गिरणीवाला

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने 1758 मध्ये 'सिस्टेमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या कीटकाला 'टेनेब्रिओ मोलिटर' असे नाव दिले. यातील पहिल्या शब्दात अंधार आवडणारा असा भाव आहे, तर दुसऱ्या शब्दाचा अर्थ गिरणीवाला. नावातच कीटकाचे घर आणि स्वभाव दोन्ही आले. सुमारे दीड सेंटिमीटर लांबीचा हा काळपट भुंगेरा पीठ व कोंड्याच्या साठ्यात अंडी घालतो. अंड्यातून निघणारी पिवळी, गुळगुळीत, टणक कातडीची अळी अडीच ते तीन सेंटिमीटरपर्यंत वाढते, मग कोषावस्थेत जाते. उबदार जागेत अळीची अवस्था काही महिन्यांची असते. थंडीत ती बरीच लांबते.

आपल्याकडे पिठाला जाळी धरते ती एका पतंगाच्या अळीमुळे, आणि पिठात फिरणारा बारीक तांबूस किडा हा निराळ्या जातीचा भुंगेरा. टेनेब्रिओ मोलिटर हा मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातील कीटक असल्यामुळे मराठीत त्याला रूढ नाव नाही. म्हणून या लेखात 'मीलवर्म' हाच शब्द योजला आहे.

या अळीचे एक वैशिष्ट्य तिच्या पुढील इतिहासाला कारणीभूत ठरले. ती अत्यंत कोरड्या अन्नावर जगू शकते. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ पॅट्रिक बक्स्टन याने 1930 मध्ये मीलवर्मच्या शरीरातील बाष्पीभवन आणि हवेतील आर्द्रता यांच्या संबंधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्नाच्या पचनातून निर्माण होणारे पाणी आणि दमट हवेतून शोषलेला ओलावा यांवर ही अळी दीर्घकाळ तग धरते. पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, कोरडा कोंडा भरलेल्या भांड्यात तिला ठेवून दिले तरी चालते; कोंडा कुजत नाही आणि दुर्गंधीही येत नाही. गोठा, खुराडे किंवा तलाव यांपैकी कशाचीही गरज न लागणारा हा प्राणी घराच्या कोपऱ्यात सामावू शकला.

पिंजऱ्यातील पक्ष्यांसाठी

मीलवर्म-पालनाचे जुने आणि तपशीलवार वर्णन आढळते ते जर्मन पक्षीशास्त्रज्ञ योहान माथेउस बेखश्टाइन (1757-1822) याच्या घरगुती पक्ष्यांवरील ग्रंथात. तो 1795 मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य युरोपात त्या काळी गाणारे पक्षी पिंजऱ्यात ठेवण्याची मोठी आवड होती. कॅनरी दाण्यावर जगे. नाइटिंगेल मात्र कीटकभक्षी, त्यामुळे हिवाळ्यात त्याला जगविणे अवघड जाई. बाहेर कीटक नसत तेव्हा घरात कीटक असणे भाग होते.

बेखश्टाइनने सांगितलेली रीत साधी आहे. मातीच्या भांड्यात गव्हाचा कोंडा किंवा जवाचे अथवा ओटचे पीठ भरावयाचे, त्यात कागदाचे व जुन्या जोड्यांच्या चामड्याचे तुकडे टाकावयाचे आणि बेकरीवाल्याकडून किंवा गिरणीतून आणलेल्या अळ्या सोडावयाच्या. मग सुमारे तीन महिने त्यांना हात लावावयाचा नाही. अधूनमधून बिअरमध्ये किंवा साध्या पाण्यात भिजविलेले लोकरीचे फडके तेवढे वर घालावयाचे. अळ्यांचे भुंगेरे होतात, भुंगेरे अंडी घालतात आणि भांडे पुन्हा अळ्यांनी भरते.

ही यादी बारकाईने पाहिली तर तिच्यात एका संपूर्ण घराची अर्थव्यवस्था दिसते. कोंडा चाळणीतला, चामडे मोडक्या जोड्याचे, फडके जुन्या कपड्याचे, आणि अळ्या स्वतः गिरणीवाल्याला नकोशा झालेल्या. एकाचा उपद्रव दुसऱ्याच्या उपयोगी पडला. तरीही या पालनाचा हेतू टाकाऊ वस्तूंचा निचरा हा नव्हता. हेतू होता पक्ष्याचे गाणे, आणि नाइटिंगेल पाळू शकणाऱ्याला मूठभर कोंड्याच्या किमतीची चिंता नव्हती. पुढे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत पक्षी, मत्स्यालयातील मासे, सरडे आणि गळाला लावण्याचे आमिष यांसाठी मीलवर्म विकणारे छोटे व्यवसाय उभे राहिले. त्यांची अर्थरचना हीच होती. अळी महाग विकली जाई, म्हणून खाद्य विकत घेणे परवडे.

प्रयोगशाळेतील पाहुणी

सहज मिळणारी व सहज वाढणारी ही अळी शास्त्रज्ञांच्या हाती न जाती तरच नवल. अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयातील नेटी स्टीव्हन्स यांनी 1905 मध्ये मीलवर्मच्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मादीच्या पेशींत 20 मोठी गुणसूत्रे, तर नराच्या पेशींत 19 मोठी आणि 1 लहान, असे त्यांना आढळले. लिंगनिश्चिती गुणसूत्रांशी निगडित असते, याचा हा भक्कम पुरावा होता. आज 'वाय' म्हणून ओळखले जाणारे गुणसूत्र ते हेच. ज्या किड्याला गिरणीवाला झाडूने बाहेर काढीत होता, त्याच्या शरीरात मुलगा-मुलगी का होते या चिरंतन प्रश्नाचे उत्तर सापडावे, ही विज्ञानाच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय. स्टीव्हन्स यांना या कार्याचे श्रेय त्यांच्या हयातीत पुरेसे मिळाले नाही. 1912 मध्ये त्यांचे निधन झाले.

पोषणाच्या दृष्टीने गॉटफ्रीड फ्रेंकेल यांचे संशोधन अधिक प्रस्तुत आहे. जर्मनीत जन्मलेले फ्रेंकेल 1933 मध्ये इंग्लंडला गेले आणि पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्थिरावले. शुद्ध घटकांपासून बनविलेल्या कृत्रिम आहारावर मीलवर्म मरतात, परंतु त्यात यीस्ट किंवा यकृताचा अर्क मिसळला तर जगतात, असे त्यांना दिसले. या अज्ञात घटकाला 'जीवनसत्त्व बी-टी' असे नाव देण्यात आले. त्यातील 'टी' हे अक्षर टेनेब्रिओचे. हा घटक म्हणजे कार्निटिन, हे 1952 मध्ये सिद्ध झाले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये फ्रेंकेल व कार्टर यांच्याबरोबर पी. के. भट्टाचार्य हे भारतीय नावही आहे. कार्निटिन स्वतः मांसातून 1905 मध्येच वेगळे केले गेले होते, पण त्याचे कार्य काय, याचा उलगडा होऊ लागला तो या अळीमुळे. अळीला निव्वळ पिष्ट व प्रथिने पुरत नाहीत, हा यातून निघणारा व्यावहारिक धडा होता. ज्यांना पुढे 'कशावरही वाढणारी अळी' असे म्हणण्याचा मोह झाला, त्यांनी तो फारसा लक्षात घेतला नाही, असे म्हणावे लागते.

उपपदार्थांवरचा विश्वास उडतो

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्ट व मिनियापोलिस येथे लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या. पांढऱ्या मैद्याची मागणी वाढली आणि गव्हाच्या दाण्याचा सुमारे चौथा हिस्सा कोंडा व तत्सम रूपात मागे राहू लागला. घरच्या चाळणीतील मूठभर कोंड्याची आता वाघिणी भरतील एवढी रास झाली. परंतु ही रास फेकली गेली नाही. ती दुभत्या जनावरांच्या आणि डुकरांच्या दावणीत गेली. थोडक्यात, मीलवर्मला प्रिय असलेला उपपदार्थ कधीच निरुपयोगी नव्हता. त्याला एक जुना आणि तगडा गिऱ्हाईक होता.

खऱ्या अर्थाने टाकाऊ अशा पदार्थांचा पशुखाद्यात वापर करण्याची कथा मात्र शोकान्त ठरली. कत्तलखान्यात उरलेल्या मांस व हाडांची भुकटी ब्रिटनमध्ये गाईंना चारली जात होती. 1986 मध्ये तेथे 'मॅड काऊ' रोगाची ओळख पटली आणि 1988 मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी देण्यावर बंदी आली. 20 मार्च 1996 रोजी ब्रिटिश शासनाने माणसातील एका नव्या मेंदूरोगाचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता संसदेत मान्य केली. त्यानंतर 2001 च्या प्रारंभी युरोपीय संघाने पाळीव पशूंच्या खाद्यात प्रक्रिया केलेली प्राणिज प्रथिने वापरण्यावर व्यापक बंदी घातली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची भीषण साथ आली. तिचा उगम डुकरांना न शिजविलेले खरकटे चारण्यात असावा, असा निष्कर्ष निघाला आणि खरकटे चारणे बंद झाले.

मीलवर्मचा पुढील इतिहास या दोन घटनांच्या छायेत घडला. 2009 च्या युरोपीय नियमावलीनुसार खाद्य वा अन्न मिळविण्यासाठी पाळलेला कीटक हा 'पाळीव पशू' ठरतो. त्यामुळे त्याला उपाहारगृहातील खरकटे, शेण किंवा कत्तलखान्यातील अवशेष चारता येत नाहीत. ही तरतूद अनेक कीटकपालकांना जाचक वाटली. परंतु 1996 चा अनुभव ज्या समाजाने घेतला, त्याने कायद्यात इतकी सावधगिरी बाळगणे अवाजवी होते असे म्हणता येणार नाही.

आशेचे दशक

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये खाद्य कीटकांवरील अहवाल प्रसिद्ध केला. त्याचे प्रमुख लेखक नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाचे आर्नोल्ड व्हान हाउस होते. त्याआधी 2012 मध्ये ओनिंक्स व डी बूर यांनी मीलवर्मच्या पर्यावरणीय खर्चाचा हिशेब मांडला होता. जेवढे मीलवर्म-प्रथिन मिळविण्यास 1 हेक्टर जमीन लागते, तेवढेच गोमांसातून मिळविण्यास सुमारे 10 हेक्टर लागतात, हा त्यांचा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत झाला. त्याच निबंधात अळ्यांना ऊब देण्यासाठी लागणारी ऊर्जा लक्षणीय असल्याचेही नमूद होते, आणि अळ्यांचे खाद्य मिश्र धान्य व गाजर हे होते. या दुसऱ्या भागाचा उल्लेख फार थोड्यांनी केला.

उपपदार्थांचा थेट प्रश्न 2015 मधील व्हान ब्रूकहोवन व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हाताळला गेला. बिअरचा चोथा, बिअरचे यीस्ट, पावाचे व बिस्किटांचे अवशेष, बटाट्याच्या साली आणि मक्याचा चोथा यांची निरनिराळी मिश्रणे त्यांनी अळ्यांना दिली. आहारातील प्रथिनांत दुप्पट-तिप्पट फरक असूनही अळ्यांच्या शरीरातील प्रथिनांचे प्रमाण बरेचसे स्थिर राहिले, ही आशादायक बाब होती. मात्र यीस्टयुक्त आहारावर अळ्या लवकर वाढल्या व कमी मेल्या. कस असलेला उपपदार्थच उपयोगी पडतो, आणि कस असलेल्या उपपदार्थाला बाजारात भाव असतो.

दरम्यान कायद्याची दारे एकेक करून उघडत गेली. कीटकांपासूनची प्रथिने जुलै 2017 पासून मत्स्यपालनात आणि सप्टेंबर 2021 पासून कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात वापरण्यास परवानगी मिळाली. स्वित्झर्लंडने मे 2017 मध्येच मीलवर्मला माणसाचे अन्न म्हणून मान्यता दिली होती. युरोपीय संघाने जून 2021 मध्ये वाळविलेल्या मीलवर्मला 'नवीन अन्न' म्हणून अनुमती दिली. या प्रकारची ती कीटकाला मिळालेली पहिलीच अनुमती होती. कोळंबी, खेकडे किंवा घरातील धुळीतील सूक्ष्म किडे यांची ॲलर्जी असणाऱ्यांना अपाय होऊ शकतो, असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक करण्यात आले.

फ्रान्समध्ये 2011 साली स्थापन झालेल्या 'इन्सेक्ट' या कंपनीने आमिआँ शहराजवळ मीलवर्मसाठी प्रचंड उंच, यंत्रचालित कारखाना उभारला. खाद्य होते गव्हाचे उपपदार्थ. खासगी व सार्वजनिक भांडवल मोठ्या प्रमाणावर तिच्यात गुंतले. परंतु मत्स्यखाद्याच्या बाजारात तिची स्पर्धा सोयाबीनची पेंड आणि मासळीची भुकटी यांच्याशी होती. गव्हाचा कोंडा विकत घ्यावयाचा, इमारत उबदार ठेवावयाची आणि त्यातून निघालेले प्रथिन पेंडीच्या जवळपास जाणाऱ्या भावाने विकावयाचे, हे गणित जुळणे कठीण होते. 2022 नंतर युरोपातील वाढलेल्या ऊर्जादरांनी ते अधिकच बिघडविले. कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयीन संरक्षण मागितले आणि डिसेंबर 2025 मध्ये ती अवसायनात निघाली. बेखश्टाइनच्या काळापासून चालत आलेला पक्षी व सरडे पाळणाऱ्यांसाठीचा छोटा व्यवसाय मात्र कोंड्याच्या तबकांवर चालूच आहे. तेथील गिऱ्हाईक अळीची तुलना पेंडीच्या भावाशी करीत नाही.