भोंगा आणि झोळी : मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या आईचा इतिहास

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास बहुधा मालकांच्या, संपांच्या आणि यंत्रांच्या अंगाने लिहिला गेला आहे; परंतु 1854 मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीची उभारणी हाती घेतल्यापासून पुढील शतकभरात परळ, लालबाग, भायखळा, शिवडी आणि वरळी या भागांत जे गिरणगाव वसले, त्यात तान्ह्या मुलाच्या आईचा दिवस कसा उगवत असे आणि कसा मावळत असे, हा प्रश्न त्या इतिहासाच्या कडेलाच राहिला. वास्तविक विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या गिरण्यांतील सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, आणि त्यांतील अनेकींच्या पदरी लहान मुले होती. या मातांच्या वागण्याविषयी त्या काळी पुष्कळ बोलले गेले, त्यांना अडाणीही ठरवले गेले. मात्र त्यांच्या मुलांचे जे हाल झाले, त्यांचे मूळ आईच्या समजुतींपेक्षा तिच्या हाती उरणाऱ्या वेळात अधिक होते, असे या इतिहासाचे पुरावे पाहता म्हणावे लागते.

गिरणीत येणाऱ्या बहुतेक स्त्रिया रत्नागिरी, सातारा व घाटावरील इतर जिल्ह्यांतून आलेल्या होत्या. काही नवऱ्याच्या मागोमाग शहरात आल्या, तर विधवा आणि टाकलेल्या स्त्रियांना स्वतःच्या कमाईवाचून दुसरा आधार नव्हता. त्यांना मुख्यतः वाइंडिंग आणि रीळिंग या दोन खात्यांत काम मिळे. वाइंडिंग म्हणजे कातलेले सूत विणकामासाठी बॉबिनवर गुंडाळणे आणि रीळिंग म्हणजे विक्रीच्या सुताच्या लडी तयार करणे. या खात्यांवर ‘नायकीण’ देखरेख करी; स्त्री कामगारांना कामावर घेण्याची व काढण्याची सूत्रे व्यवहारात तिच्याच हाती असत, आणि त्यामुळे बाळंतपणानंतर जागा परत मिळेल की नाही हेही पुष्कळदा तिच्या मर्जीवर ठरे. मजुरी दिवसावर नसून केलेल्या कामाच्या वजनावर मिळत असल्याने स्वयंपाक आटोपून उशिरा येण्याची व थोडे लवकर निघण्याची मुभा या स्त्रियांना मिळत असे. ही सवलत आईच्या सोयीची असली तरी तिची किंमत आईच चुकवत होती, कारण जितका वेळ घराला दिला तितकी मजुरी कमी पडे.

खेड्यातील बाळंतपणाची रीत या वेळापत्रकात बसणारी नव्हती. महाराष्ट्रात बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेरची कामे करू नयेत असा दंडक होता. त्या काळात तिला शेक, धुरी आणि तेलाचे मर्दन मिळे, डिंक-अळिवाचे पौष्टिक पदार्थ खाऊ घातले जात, पाचव्या दिवशी बाळाच्या कपाळी नशीब लिहिणाऱ्या सटवाईची पूजा होई, बाराव्या दिवशी बारसे होई. आणि या सर्व विधींच्या आड एक साधी गोष्ट घडे, ती म्हणजे आईला विश्रांती मिळे आणि मूल सतत कोणा जाणत्या स्त्रीच्या हातात राहत असे. ही विश्रांती सर्वांना सारखी लाभत नव्हती, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. शेतमजूर आणि दलित कुटुंबांतील स्त्रिया गावातही लवकरच कामाला लागत. तरीही सासू, आजी, जाऊ आणि सुईण (म्हणजे बाळंतपण करणारी अनुभवी स्त्री) यांचे जे वर्तुळ गावी असे, ते चाळीतील दहा-बारा फुटांच्या खोलीत आपोआप उभे राहत नव्हते. म्हणूनच अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर परत जात, आणि काही जणी मूल अंगावरून सुटल्यावर त्याला आजीजवळ ठेवून एकट्याच मुंबईला येत.

ज्यांना गावी जाणे परवडत नसे किंवा गावी कोणी उरलेच नसे, त्यांची मुले चाळीत वाढली. 1921 च्या सुमारास मुंबईतील दोन तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते, आणि त्या खोलीत कुटुंबाखेरीज पैसे देऊन राहणारे गाववालेही असत. जुन्या लुगड्याची झोळी करून ती वरच्या तुळईला बांधायची, मूल तिच्यात घालायचे, आणि दोरी सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या हाती द्यायची, ही व्यवस्था सर्वत्र आढळत असे. ज्या घरात अशी बहीण होती ते घर त्यातल्या त्यात सुखी, कारण गिरणी जवळ असेल तर मधल्या सुट्टीत तिला बाळ घेऊन फाटकाशी येता येई. या व्यवस्थेत त्या मुलीचे बालपण आणि तिची शाळा दोन्ही खर्ची पडत होती, ही बाब तत्कालीन चर्चेत फारच थोड्यांच्या ध्यानी आली.

थोरली बहीण नसेल आणि शेजारीणही कामावर जात असेल, तर उपाय अफूचा होता. येथे दोन वस्तूंमधला फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. बाळगुटी म्हणजे वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड अशा जिनसांचे ठरावीक वळसे सहाणेवर उगाळून आईच्या दुधातून किंवा पाण्यातून बाळाला द्यायचे चाटण. त्याची परंपरा जुनी असून ते बाळाची तब्येत पाहून, आजीच्या नजरेखाली दिले जाई. बाळगोळी ही बाजारात तयार मिळणारी, अफू मिसळलेली लहान गोळी होती. ती दिली की मूल तासन्‌तास झोपून राही, भुकेनेही रडत नसे, आणि दूध न मागता पडून राहिल्याने दिवसेंदिवस सुकत जाई. मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी 1922 मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा अशा स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी 98 टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदवले. हा आकडा वाचून त्या काळच्या अनेक सुशिक्षितांनी आईच्या अज्ञानाला दोष दिला. परंतु इतके जवळजवळ सार्वत्रिक वर्तन एकेका आईच्या अज्ञानातून निघत नाही. 1891 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास दिवसाला अकरापर्यंत मर्यादित केले होते आणि दीड तासाची विश्रांती सक्तीची केली होती. म्हणजे जाण्या-येण्याचा वेळ धरला तर कायदा तंतोतंत पाळूनही मूल बारा-तेरा तास आईवाचून राहत होते. अफूची मात्रा त्या तासांच्या मापाने ठरत होती.

मृत्यूचे आकडे याहून भीषण आहेत. 1921 मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे 666 अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद झाली, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण हजारी 828 इतके दिसले. हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत, कारण बाळंतपण गावी झाले की जन्माची नोंद गावी होई आणि तेच मूल पुढे मुंबईत दगावले तर मृत्यू तेवढा शहराच्या खात्यात पडे, त्यामुळे प्रमाण फुगत असे. तरीही ही सर्व सूट देऊन जे उरते ते सुन्न करणारे आहे, आणि खोल्यांची संख्या वाढत जाई तसे मृत्यूचे प्रमाण उतरत जाई, यावरून घराचा, हवेचा आणि मिळकतीचा या मृत्यूंशी असलेला संबंध पुरेसा सिद्ध होतो.

कामाच्या वेळेविषयीची जाणीव कामगारांमध्ये यापूर्वीच रुजली होती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एप्रिल 1890 मध्ये मुंबईत भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी 10 जूनपासून गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या सुट्टीचे महत्त्व पुरुष कामगाराच्या विश्रांतीपुरते मोजले जाते. मुलांना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या फाटक्या कपड्यांना टाके घालणे आणि त्यांना उजेडी नीट पाहणे या गोष्टींसाठी आईला मिळालेला तो आठवड्यातील एकमेव दिवस होता.

बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न मात्र पहिल्या महायुद्धानंतरच सार्वजनिक चर्चेत आला. 1919 मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतीच्या आधी व नंतर सहा-सहा आठवड्यांच्या रजेचा करार संमत केला. या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी उपस्थित होते. 1911 मध्ये ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन करून त्यांनी गिरणगावात शिक्षणाचे आणि आरोग्याचे काम उभे केले असल्याने हा विषय त्यांच्या परिचयाचा होता. त्यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले प्रसूती साहाय्याचे विधेयक संमत झाले नाही. पुढे 1928 मध्ये रा. सा. आसवले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात तसेच विधेयक आणले. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेली मांडणी आजही मननीय आहे. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी तत्त्वतः मान्य केले; पण स्त्रीच्या श्रमातून मालकाला नफा मिळतो म्हणून त्याच्यावरही काही जबाबदारी येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गिरणी मालकांचा विरोध असतानाही 1929 मध्ये कायदा झाला, आणि भारतातील या स्वरूपाचा तो पहिला कायदा ठरला.

या कायद्याने सात आठवड्यांपर्यंत रोज आठ आण्यांचे साहाय्य मिळू लागले आणि प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांत स्त्रीला कामावर घेण्यास मनाई झाली. एकूण रक्कम साडेचोवीस रुपयांच्या आत-बाहेर भरे, आणि हे चार आठवडे गावाकडच्या सव्वा महिन्याहूनही कमी होते. पण बाळंतीण होताच उसनवारी करून जगायचे किंवा काही दिवसांतच बॉबिनसमोर उभे राहायचे, याखेरीज तिसरा मार्ग नसलेल्या स्त्रीच्या दृष्टीने या रकमेचे मोल मोठे होते. त्याच सुमारास परळ भागात आरोग्याची साधनेही वाढली: 1926 मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि 1929 मध्ये बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय सुरू झाले. सुईणीची जागा परिचारिकेने एका दिवसात घेतली नाही, परंतु अडलेल्या बाळंतिणीला चालत जाता येईल इतक्या अंतरावर रुग्णालय असणे, हा या वस्तीच्या जीवनातील मोठा पालट होता.

मुलाला दिवसभर ठेवायचे कोठे, हा प्रश्न मात्र सात आठवड्यांच्या रजेने सुटणारा नव्हता. 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी वेगळी खोली राखण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि 1948 च्या कायद्याने अशा कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले. खात्यापासून हाकेच्या अंतरावर मूल असणे आणि मधूनमधून उठून त्याला अंगावर पाजता येणे, या एका गोष्टीत अफूच्या गोळीला खरा पर्याय होता. थोरल्या बहिणीचा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी अधिक समजुतीने हाताळला गेला, तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे: लहान भावंडे सांभाळावी लागतात म्हणून आदिवासी मुली शाळेत येत नाहीत हे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखले, आणि पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभारली.

गिरणगावात तोपर्यंत निराळेच घडत होते. प्रसूतीचा खर्च मालकाच्या एकट्याच्या खिशातून द्यायचा असल्याने स्त्री, त्यातही तरुण विवाहित स्त्री, ही त्याला महागडी कामगार वाटू लागली. स्त्रियांना रात्रपाळी वर्ज्य असल्याने पाळ्या वाढवणाऱ्या गिरण्यांना त्या गैरसोयीच्या झाल्या. आणि वाइंडिंगमध्ये वेगवान यंत्रे येऊन हातांची गरज घटली. या तिन्ही कारणांचा एकत्रित परिणाम असा झाला की स्त्रियांचे प्रमाण दशकागणिक उतरत गेले. कर्मचारी राज्य विमा कायद्याने (1948) प्रसूती साहाय्याचा भार एका मालकावरून सामायिक निधीवर नेला, म्हणजे आंबेडकरांनी दोन दशके आधी दाखवलेल्या दिशेने एक पाऊल पडले. परंतु ही योजना 1954 मध्ये मुंबईत लागू झाली तेव्हा ज्या खात्यांतील मातांना तिचा सर्वाधिक उपयोग झाला असता, तेथील स्त्रियांची संख्या आधीच ओसरू लागली होती.

गिरणीबाहेर पडलेल्या किंवा गिरणीत कधीच शिरू न शकलेल्या आया घरच्या घरी खानावळ चालवू लागल्या (म्हणजे एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीने जेवण देऊ लागल्या), भाजी विकू लागल्या, किंवा धुण्याभांड्याची कामे धरू लागल्या. या कामांत मूल नजरेसमोर किंवा पाठीशी ठेवता येई, हे त्यांच्या निवडीचे एक मोठे कारण होते. मात्र या कामांना ना ठरलेले तास होते, ना प्रसूतीची रजा, ना पाळणाघर. 1929 पासून जे कायदे मोठ्या कष्टाने झाले होते, त्यांतील एकही चुलीपुढे पंचवीस जणांच्या भाकऱ्या थापणाऱ्या आईपर्यंत पोहोचत नव्हता.