थेम्सचा पूल आणि दिजाँची वाळू

सन १८३२च्या जानेवारीत, लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यालगत ९६० फूट लांबीची तांब्याची तार अंथरून, तिच्या दोन्ही टोकांचे पत्रे थेम्सच्या पाण्यात सोडून, मायकेल फॅरडे तीन दिवस विद्युत्‌मापकाच्या सुईवर दृष्टी खिळवून होते. पृथ्वी हे चुंबक आणि वाहते पाणी हा विद्युद्वाहक, तेव्हा नदीच्या दोन तीरांमध्ये विद्युत्प्रवाह उत्पन्न झालाच पाहिजे, हा त्यांचा तर्क निर्दोष होता. परंतु पाण्याच्या शुद्धतेतले व तापमानातले भेद, इतकेच नव्हे तर पत्र्यांच्या डाखातले किंचित अंतरही सुईला भलतीकडे वळवी, आणि जो अल्प परिणाम शोधायचा तो त्या गोंधळात लोपून जाई.

चुंबकीय क्षेत्रात आणि सच्छिद्र पदार्थांतून वाहणाऱ्या द्रवांच्या अभ्यासाचा हा एक उगम. दुसरा उगम फ्रान्समधल्या दिजाँ शहरी आहे. आपल्या जन्मगावी १८४० साली सुमारे साडेबारा किलोमीटर अंतरावरील झऱ्याचे पाणी आणणारे आणि त्या कामाचा मोबदला नाकारून केवळ हयातभर विनामूल्य पाणी स्वीकारणारे अभियंते आंरी दार्सी यांनी पुढे उभ्या नळात वाळू भरून तीतून पाणी झिरपविले. आणि झिरपणारे पाणी दाबाच्या फरकाच्या सम प्रमाणात व वाळूच्या थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम १८५६ साली दिजाँच्या सार्वजनिक कारंज्यांवरील आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात नमूद केला. सच्छिद्र पदार्थांतील प्रवाहाच्या शास्त्राची सनद ती हीच.

फॅरडे यांच्या तर्काला अनुरूप माध्यम लाभावयास शतक लोटले. नदीच्या पाण्याहून लक्षावधी पटींनी उत्तम वाहक असलेल्या पाऱ्यावर कोपनहेगन येथे यूलियुस हार्टमन यांनी प्रयोग केले व १८३२ नंतर १०५ वर्षांनी, १९३७ साली, ते प्रसिद्ध केले. आडव्या चुंबकीय क्षेत्रातून द्रव वाहू लागला की त्यात विद्युत्प्रवाह उपजतो, आणि तो प्रवाह व ते क्षेत्र मिळून द्रवाच्या गतीलाच विरोध करतात, हे त्यांतून सिद्ध झाले. स्वीडनचे हानेस आल्फवेन यांनी १९४२ साली हेच तत्त्व ताऱ्यांच्या वायूंना लावले. १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या परंपरेत आपल्याकडच्या गणितज्ञांचाही वाटा आहे. पवईच्या आय.आय.टी.तील व्ही. एम. सौंदलगेकर यांनी उभ्या सच्छिद्र पट्टिकेलगतच्या आंदोलित प्रवाहाचे विवेचन केले, आणि ते १९७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. अशी पट्टिका आपल्या छिद्रांतून द्रव शोषून घेते, तेव्हा तिला बिलगलेला मंद थर पातळ होतो, आणि उष्णता व विरघळलेले द्रव्य यांची देवघेव शीघ्र होते. त्यावर चुंबकीय क्षेत्र योजावे, तर द्रवाची गती आवरली जाऊन तीच देवघेव पुन्हा बदलते. अशा प्रवाहांच्या समीकरणांत जेथे सच्छिद्र माध्यमाचा रोध मांडला जातो तेथे दिजाँची वाळू आहे, आणि जेथे चुंबकाचा रोध मांडला जातो तेथे थेम्सवरचे ते तीन दिवस आहेत. त्या दिवसांत सुईने साक्ष दिली नाही, म्हणून तर्क खोटा ठरला नव्हता. त्याला केवळ पारा भेटावयाचा होता.