लष्करप्रमुख न झालेले जनरल थोरात आणि त्यांचा अहवाल

ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात भारतीय तरुणाला ‘राजाचे कमिशन’, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीची सनद, मिळण्याची वाट पहिल्या महायुद्धानंतर उघडली खरी. पण १९२३ च्या योजनेने असे भारतीय अधिकारी प्रामुख्याने आठच पलटणींत कोंडले, जेणेकरून कोणा गोऱ्यावर त्यांच्या हाताखाली काम करण्याची पाळी येऊ नये. कोल्हापूर संस्थानातील वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे सँडहर्स्टहून १९२६ मध्ये सनद घेऊन आले ते याच अविश्वासाच्या काळात. तो अविश्वास निराधार होता हे १९४५ च्या आरंभी ब्रह्मदेशातील अराकान भागात कांगॉच्या लढाईत रणांगणावरच दिसले: एकाच ब्रिगेडमधील थिमय्या, थोरात आणि सेन हे तिन्ही बटालियनप्रमुख भारतीय होते आणि तिघांनाही ‘डीएसओ’ हे शौर्यपदक मिळाले.

कोरियातील कामगिरी निराळ्या जातीची होती. युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैद्यांची राखण १९५३ मध्ये थोरातांच्या हाताखालील भारतीय संरक्षक दलाकडे आली. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर पाय ठेवू न दिल्याने हे सैन्य जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाआत ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता, बोलण्यातूनच त्याची सुटका झाली.

पुढे पूर्व विभागाचे सेनापती म्हणून लखनौच्या मुख्यालयातून त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये जो अहवाल पाठवला, तो मात्र त्यांच्या साऱ्या पदकांहून वजनदार मानावा लागेल. ईशान्येकडील सीमा मानल्या जाणाऱ्या मॅकमहोन रेषेवरच चिन्यांना अडवण्याचा हट्ट त्यांना आत्मघातकी वाटे, कारण तेथवर रस्ते नव्हते आणि रसद पाठीवरून किंवा विमानातून न्यावी लागे. म्हणून सीमेवर केवळ टेहळणीची चौकी ठेवावी आणि खरी लढाई बोमडिल्यासारख्या मागच्या जागी द्यावी, जिथे आपली रसद जवळ व शत्रूची लांबलेली असेल, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च १९६० मध्ये ‘लाल किल्ला’ या नावाने त्यांनी हाच विचार सरावातून मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो भयगंड वाटला. लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांनंतर ते पद जनरल थापरांकडे गेले आणि १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणापुढे सेला खिंड आणि बोमडिला पाठोपाठ पडले. थोरातांच्या आत्मकथनानुसार, नेहरूंनी त्यानंतर त्यांना बोलावून घेतले आणि १९५९ चा तो अहवाल आपल्यापर्यंत का पोहोचला नाही, असे विचारले.