पट्टीवरील धर्मादाय

शेतकरी आपला माल अडत दुकानी घालतो, माल विकला जातो आणि हिशेबाचा जो कागद त्याच्या हाती पडतो, त्यास आपल्या पेठांत 'पट्टी' म्हणतात. जुन्या पट्ट्यांवर मालाच्या रकमेखाली वजावटींची उतरंड असे : अडत, हमाली, तोलाई, कडता, आणि सर्वांत खाली 'धर्मादाय', कोठे 'पांजरपोळ', कोठे 'गोशाळा'. पेठेतील पाठशाळा, धर्मशाळा, पांजरपोळ यांच्या इतिहासात देणगीदार श्रेष्ठींची नावे आपण आदराने वाचतो, आणि ते उचितच आहे. परंतु या शेवटच्या ओळीतून ज्याने दिले, त्याचे नाव कोणत्याच शिलालेखावर नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याच्या बाजूने बाजारपेठेचा इतिहास एकदा पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शेतमालाच्या व्यवहारास कायद्याची चौकट प्रथम लाभली ती वऱ्हाडात. कारंजा (लाड) हे नाव आपणांस भट्टारकांच्या गाद्या, हस्तलिखितांचे ग्रंथभांडार आणि १९१८ साली स्थापन झालेले महावीर ब्रह्मचर्याश्रम यांमुळे परिचित आहे. त्याच कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये नियंत्रणाखाली आला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला.

यामागे शेतकऱ्याविषयीचा कळवळा होता असे मात्र समजू नये. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासली आणि त्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. रेल्वे आली, १८७० साली खामगावची शाखाही सुरू झाली. गिरण्यांना निर्भेळ कापूस योग्य दराने हवा होता, त्यासाठी बाजारास शिस्त लागणे अवश्य होते. शेतकऱ्याच्या पदरात जे पडले ते त्या शिस्तीच्या अनुषंगाने. बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचाच वरचष्मा होता.

नियंत्रण नसलेल्या पेठेतील चित्र कसे असे? भाव 'हत्ता' पद्धतीने ठरे. खरेदीदार व अडत्या उपरण्याखाली हात घालीत, बोटे दाबून आकडा सांगत, आणि मालाचा धनी समोर उभा असूनही भाव किती ठरला हे त्यास कळत नसे. गावोगावचे मण निराळे, शेर निराळे. नमुना म्हणून घेतलेला मूठ-दोन मूठ माल परत येत नसे. माल ओला आहे, माती आहे, असे सांगून कडता कापला जाई. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ सालच्या अहवालात या अनिष्ट प्रथांची दखल घेतली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा आणि १९३९ साली सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. स्वतंत्र महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा. उघड लिलाव, परवानाधारक मापारी आणि ठरलेल्या वजावटींखेरीज काही कापण्यास मनाई, हे या कायद्यांचे सार होय. वजनांचा गोंधळ मिटण्यास १९५६ चा दशमान वजनमापांचा कायदा यावा लागला.

अडत्याची बाजूही येथे मांडली पाहिजे, नाही तर न्याय होणार नाही. पेरणीच्या वेळी उचल देणारा तोच. लग्नकार्यास, आजारपणास धावणारा तोच. बँका खेड्यांत पोहोचल्या नव्हत्या तेव्हा पेठेतील पेढी हीच शेतकऱ्याची पत होती. खरेदीदार बुडाला तरी पट्टीचे पैसे चुकते करण्याची जोखीम सचोटीचे अडते पत्करीत. मात्र ज्याची उचल घेतली त्याच्याच दुकानी माल घालावा लागे, आणि ऋणाने बांधलेला मनुष्य पट्टीवरील आकड्याविषयी प्रश्न विचारू शकत नाही, हेही तितकेच खरे.

आता धर्मादायाकडे वळू. मुंबईत १८३४ साली शेठ मोतीशा, जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपल्या व्यापाराच्या मालावर आपणहून लाग बसवून घेतला. देणाऱ्याची संमती तेथे होती. मोफसलच्या पेठांत तोच लाग शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जाई, तेव्हा त्याची संमती कोणी विचारीत नसे. जीवदया पवित्र, पाठशाळाही पवित्र. परंतु दुसऱ्याच्या रकमेतून केलेल्या दानाचे पुण्य कोणाच्या खाती जमा धरावे?

आपल्या आचारशास्त्रात याचे मोजमाप फार पूर्वीच झालेले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे देण्याची व घेण्याची मापे निराळी ठेवणे, आणि 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे भेसळ, यांची स्पष्ट गणना आहे. हे दोन्ही दोष तराजूजवळचे आहेत, मंदिरातले नव्हेत. श्रावकाच्या व्रताची कसोटी पेढीवर लागते, हे सूत्रकारांनी जाणले होते.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर १९५० साली दिले. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५४ नुसार, व्यवहारात धर्मकार्याच्या नावाने जी रक्कम आकारली वा गोळा केली जाते, तिचा गोळा करणारा हा मालक नसून केवळ विश्वस्त ठरतो, आणि तिचा हिशेब त्याने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास द्यावा लागतो. धर्मादाय ही पेढीची देणगी नव्हे, ती पेढीकडे आलेली ठेव आहे, हे त्यातून निःसंदिग्ध झाले. विश्वस्त मंडळावर काम करणाऱ्या आपल्या तरुण बंधुभगिनींनी हे कलम अवश्य वाचावे.

अडतीचा भारही पुढे हलला. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि या मालावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. अनेक ठिकाणी व्यापाऱ्यांनी बंद पाळून विरोध केला; शासनाचा निर्णय मात्र टिकला.

ज्या घराण्यांकडे १९५० पूर्वीच्या रोजकीर्दी व खातेवह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यांतील धर्मादाय खात्याची पाने उलगडली, तर आपल्या धर्मशाळांच्या व पांजरपोळांच्या उभारणीत कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याचे किती आणे लागले, हे अजूनही नावानिशी लिहिता येईल.