मोडी की बालबोध? नवख्याची पहिली भाषा

या मालिकेत आपण लढाया, किल्ले आणि तह यांवर बरंच बोललो. आजचा विषय वेगळा आहे. नातवाला किंवा नातीला संगणकावर गेम बनवायचा असतो आणि घरात प्रश्न पडतो, आधी कोणती भाषा शिकवायची? पायथन, सी प्लस प्लस, की आणखी काही? प्रत्येक जण आपली भाषा थोर म्हणून सांगतो आणि मूल बिचारं उंबरठ्यावरच उभं राहतं.

मी संगणकतज्ज्ञ नाही, निवृत्त फौजी आहे. पण नवख्याच्या हातात पहिल्यांदा काय द्यायचं, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठी दरबारापुढेही होता. त्याचं उत्तर आजही तिथे पाहायला मिळतं.

व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं. या दरबारात भाषांची भांडणं फारशी नव्हती, कारण प्रत्येक भाषेला काम नेमून दिलेलं होतं. शास्त्राला संस्कृत, गाण्याला मुख्यतः तेलुगू, रयतेची तमिळ, दफ्तराची मराठी. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तर पाच भाषांतली पात्रं एकाच नाटकात आणली. ‘पंचभाषाविलास’ हे त्याचं नाव. सगळ्यात चांगली भाषा कोणती, असं न विचारता कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी, असं विचारायचं, हा पहिला धडा.

दुसरा धडा लिपीचा. तीच मराठी दोन लिप्यांत लिहिली जाई. मोडी ही कारकुनाची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता भराभर लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद ठेवायचा नाही. सरावलेल्या हाताला ती वाऱ्यासारखी धावते, नवख्याला मात्र एकच लांब गुंता दिसतो. दुसरी लिपी देवनागरी. तिला आपल्याकडे नावच पडलं ‘बालबोध’, म्हणजे बाळालाही बोध व्हावा अशी. अक्षर सुटं, मात्रा स्पष्ट, शब्द वेगळा. लिहायला सावकाश, पण वाचणाऱ्याला काही अध्याहृत ठेवत नाही.

आता दुसऱ्या सरफोजीराजांकडे येऊ. १७९८ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख, एवढंच हाती राहिलं. फौज नाही, कारभार नाही. अशा वेळी माणूस शिकारीत आणि मेजवान्यांत रमतो. सरफोजींनी ग्रंथालय वाढवलं, पाठशाळा चालवली, आणि १८०५च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला.

१८०६ साली इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद तिथे छापला गेला. पुस्तकाचं नाव ‘बालबोध मुक्तावली’. नवीन यंत्र हाती आल्यावर सुरुवात कोल्ह्या-कावळ्याच्या गोष्टींनी व्हावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. मोडीत छापणं अशक्य होतं असंही नाही. बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम केरी यांनी १८१० साली मराठी कोश मोडी खिळ्यांतच छापला. तंजावरने मात्र बालबोधाचा रस्ता धरला. त्याआधी, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरला तोही देवनागरीतच. दफ्तर मोडीत चालू राहिलं. लोकांनी वाचायचं ते बालबोधीत आलं.

सरफोजींची आणखी एक युक्ती पाहा. जगाचा भूगोल शिकवायचा होता. त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिलं आणि त्यात भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून देशोदेशींची माहिती दिली. बाज तमिळ मातीतला, भाषा घरची. नवं होतं ते फक्त ज्ञान. शिकणाऱ्यावर एका वेळी एकच ओझं. आपण नाटकालाही ‘खेळ’च म्हणतो. खेळातून शिकवण्याची कल्पना आपल्याला बाहेरून आणावी लागलेली नाही.

संगणकाच्या इतिहासातही हेच घडलं. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणित प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा आणली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. १९६७ साली लोगो आली. तिच्यातलं कासव मुलांच्या आज्ञेवर रेघा काढत चालतं. तंजावरच्या दारात सकाळी ठिपक्यांभोवती कोलम काढणारी बाई पाहिली की मला ते कासव आठवतं. २००७ साली एमआयटीतून स्क्रॅच आली. तिच्यात आज्ञा टाईप करायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ही सगळी संगणकाची बालबोधच.

मग निवड कशी करायची? आठ-दहा वर्षांच्या मुलाला स्क्रॅच द्या. थोडं मोठं, इंग्रजी टाईप करू शकणारं मूल असेल तर पायथन आणि तिच्या जोडीला पायगेम. पुढे गोडो हे गेम बनवण्याचं साधन घेतलं तर त्याची भाषा पायथनच्याच वळणाची आहे. हे सगळं फुकट मिळतं. सी प्लस प्लस ही मोडी समजा. मोठ्या कंपन्यांचे भव्य गेम तिच्यात धावतात, पण ती हात बसल्यावर शिकायची. फौजेत रंगरूटाला आधी रायफल खोलायला-जोडायला शिकवतात, पोलादाचं शास्त्र नाही.

आणि पहिला गेम लढाईचा नको. तमिळ घरांतला पल्लांगुळी घ्या. दोन ओळी, चौदा खड्डे, मूठभर चिंचोके. एका खड्ड्यातले उचलायचे आणि पुढे एकेक टाकत जायचं. संगणकाला हे म्हणजे चौदा आकड्यांची यादी. नियम आधीच ठाऊक, म्हणून सगळं लक्ष भाषेवर. मुलाचा पहिला गेम पुरा होणं महत्त्वाचं. अर्धवट राहिलेला भव्य गेम मुलाला एवढंच शिकवतो की हे आपल्याला जमणार नाही.

कोणी म्हणेल, सोपी भाषा म्हणजे दुय्यम भाषा. त्यांनी तंजावरला यावं. सरस्वती महालातल्या मोडी कागदांचे गठ्ठे वाचणारे आज मोजके आहेत. एका राज्याचा जमाखर्च, न्यायनिवाडे, नाटकमंडळींचे पगार, सारं त्यांत बंद आहे. मंदिराच्या भिंतीवरची भाषा जुनी आहे, पण अक्षरं मात्र पुण्याहून सहलीला आलेली शाळकरी मुलगी बोट ठेवून लावू शकते. वेगवान लिपी जाणत्यांबरोबर गेली आणि बाळासाठीची लिपी उरली. ज्या भाषेचं दार नवख्याला उघडं असतं, तिलाच पुढची पिढी मिळते. नातवाची पहिली भाषा निवडताना एवढंच पाहा की तो आज संध्याकाळपर्यंत पडद्यावर काहीतरी हलवू शकेल का. बाकीचं तो स्वतःच शोधेल.