दादरची वस्ती कशी वसली

श्रोतेहो, ‘घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. पण घर बांधण्याआधी जागा निवडावी लागते. ती कशी निवडावी, हे मुंबईतल्या दादरच्या इतिहासावरून चांगले कळते.

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या बाजूला प्लेग सुरू झाला. दाटीच्या चाळी, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे! आधी उंदीर पडू लागले, मागून माणसे. लोक शहर सोडून गावाकडे पळाले. तेव्हा १८९८ साली सरकारने शहर सुधारण्यासाठी एक मंडळ नेमले. त्याचे नाव इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. या ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत नव्या वसाहती आखल्या.

आखणीचा क्रम ध्यानात घ्या बरं का! आधी रस्ते, गटारे अन् मोकळ्या जागा, घरे त्यानंतर. दोन इमारतींमध्ये अंतर राखलेले, म्हणजे उजेड-वारा घरात यावा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी अशा वस्त्या उभ्या राहिल्या. १९२५ साली माहीम पार्क हे मैदान लोकांना खुले झाले. १९२७ साली त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. गिरगावच्या चाळीतला कारकून, शिक्षक इकडे बिऱ्हाड हलवू लागला. स्टेशन जवळ आहे ना, मुलांना शाळा आहे ना, शेजार आपल्यासारखा आहे ना, एवढे तो पाहत असे.

पण या चित्राला दुसरीही बाजू आहे. ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्या मजुरांना नव्या वसाहतीतले भाडे कुठले परवडायला? ते जवळपासच्याच चाळींत शिरले आणि तिथली दाटी आणखी वाढली. ‘आपल्यासारखा शेजार’ या शब्दांतही जातीची कुंपणे होतीच.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या गावचे गावठाण वाढेल तेव्हा दादरचे दोन्ही धडे आठवा. शाळेची अन् मैदानाची जागा आधी राखा, पाणी वाहून जायला वाट ठेवा. घरे मग बांधा. आणि ज्याचे घर मोडावे लागेल, त्याला त्याच नव्या वस्तीत पहिली जागा द्या. गुरुजींनी मुलांकडून गावाचा असा नकाशा जरूर काढून घ्यावा.